डोंगरातल्या सायकलीचा टायर कसा निवडावा?



'निवड' या विषयावर आपण काही व्याख्यानांपासून बोलत आहोत. पर्याय म्हणजे काय, एखादी वस्तू 'चांगली' आहे असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणत असतो, हे प्रश्न आपण आत्तापर्यंत जरा हवेतच ठेवले. आज ते जमिनीवर आणायचे आहेत, आणि तेही शब्दशः. आजचं उदाहरण आहे माउंटन बाइकचा टायर.

हे उदाहरण का? एक तर आपल्या श्रोत्यांमध्ये सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगराकडे जाणारी बरीच मंडळी आहेत, आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: सगळ्यात चांगला टायर कोणता? दुसरं कारण असं की या निवडीत चूक झाली तर ती पुस्तकात राहत नाही. उतारावर, वळणात पुढचं चाक सरकलं की काय होतं, ते ज्याच्या मनगटात किंवा खांद्याच्या हाडात पट्टी बसली आहे त्याला विचारावं.

आता 'सगळ्यात चांगला टायर कोणता' या प्रश्नाकडे पाहू. व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य पूर्ण आहे, पण अर्थाच्या दृष्टीनं अर्धवट आहे. 'पुणे किती लांब आहे?' असं कोणी विचारलं तर आपण लगेच म्हणतो, कुठून? 'चांगला' हा शब्दही तसाच आहे. त्याला 'कोणासाठी', 'कशासाठी', 'कुठे' अशी जोड लागतेच. आपल्याकडे वेदान्ताच्या ग्रंथांत सुरुवातीलाच चार गोष्टी सांगण्याची पद्धत आहे. अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ कोणासाठी आहे, कशाबद्दल आहे, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध काय आणि वाचून मिळणार काय. टायर घेतानाही हेच चार प्रश्न विचारता येतात. चालवणारा कोण, त्याचं वजन किती, हात किती बसलेला? हा अधिकारी. जमीन कोणती? तो विषय. हा टायर आपल्या रिमवर आणि फ्रेममध्ये बसतो का? तो संबंध. आणि आपल्याला हवं काय आहे, लांबचा पल्ला, वेग, की खडकाळ उतारावर भरवसा? ते प्रयोजन. दुकानात शिरण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली तर अर्धं काम तिथेच होतं.

उरलेलं अर्धं काम म्हणजे वस्तू समजून घेणं. तिकडे वळू.

टायरचे तीन भाग आपण वेगळे करू. पहिला भाग म्हणजे केसिंग, टायरचं कापडी अंग. धाग्यांचं कापड रबरात बुडवलेलं असतं, त्यावर टायरचा आकार आणि बळ अवलंबून असतं. दुसरा भाग म्हणजे रबराचं मिश्रण, ज्याला कंपाउंड म्हणतात. तिसरा भाग म्हणजे वरची नक्षी, म्हणजे ट्रेड, ते उंचसखल ठोकळे. दुकानात भिंतीवर टांगलेल्या टायरकडे आपण पाहतो तेव्हा डोळ्याला दिसते ती फक्त नक्षी. रबर हाताला थोडंफार कळतं. केसिंग तर आत लपलेलं असतं. म्हणून बहुतेक लोक नक्षी पाहून टायर घेतात. आजचं आपलं प्रतिपादन याच्या नेमकं उलट आहे: आधी केसिंग ठरवावं, मग रबर, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. हा क्रम का, ते आता पाहू.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर आणि गंधक एकत्र तापवल्यावर रबर टिकाऊ आणि लवचिक होतं हे सापडलं. 1845 मध्ये रॉबर्ट थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते फारसं चाललं नाही. 1888 मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना पुन्हा शोधली, आणि या वेळी सायकल हाताशी असल्यामुळे ती जगभर पसरली. पुढे 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायस या डोंगरावर, काही तरुण जुन्या वजनदार सायकली घेऊन उतारावरून सुटायला लागले. 1976 मध्ये त्याच काउंटीत 'रीपॅक' नावाची उतारावरची शर्यत सुरू झाली. नाव असं पडलं की मागच्या हबमधल्या ब्रेकमधलं ग्रीस उतारावर तापून जळायचं, आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. या मंडळींनी त्या जुन्याच सायकली का निवडल्या? कारण त्यांना फुगीर, जाड 'बलून' टायर होते. रेसच्या सायकलीचे अरुंद टायर त्या दगडधोंड्यांत टिकलेच नसते. म्हणजे माउंटन बाइक हा प्रकार जन्माला आला तोच टायरच्या आधारानं. गिअर, सस्पेन्शन, डिस्क ब्रेक हे सगळं नंतर आलं.

आता एक छोटा हिशेब करू. चालवणाऱ्याचं वजन 70 किलो, सायकल 15 किलो. एकूण 85 किलो. टायरमध्ये 25 पीएसआय हवा आहे असं धरू. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. तर हा सगळा भार दोन्ही चाकं मिळून जमिनीच्या सुमारे 50 चौरस सेंटीमीटरवर टेकलेला असतो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण थोडा भार टायरचं अंगही उचलतं. तरी एका चाकाच्या वाट्याला साधारण पाच सेंटीमीटर लांब आणि पाच सेंटीमीटर रुंद एवढाच तुकडा येतो. आपला ब्रेक, आपलं वळण, आपला चढ, सगळं त्या तुकड्यावर. आणि हवा वाढवली की तो तुकडा आणखी लहान होतो, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामी येणार आहे.

तर पहिलं केसिंग. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत 60 टीपीआय किंवा 120 टीपीआय असं छापलेलं असतं. एका इंचात किती धागे, याचा तो आकडा. साडी घेताना आपण सुताचा नंबर पाहतो, तसंच. धागे जास्त म्हणजे प्रत्येक धागा बारीक, कापड मऊ आणि हलकं. असा टायर लहान खड्यांवरून जाताना सहज दबतो आणि खड्याभोवती बसतो. धागे कमी म्हणजे धागा जाड, मध्ये रबर जास्त, टायर जरा ताठ आणि दणकट. इथे एक सावधगिरी. काही उत्पादक एका थरातले धागे सांगतात, काही सगळ्या थरांची बेरीज सांगतात. तेव्हा दोन कंपन्यांच्या टायरांची नुसत्या आकड्यावरून तुलना करू नये.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते थर किती आणि बाजूच्या भिंतीला काय संरक्षण आहे ते. पातळ, एकेरी केसिंगचा 29 इंची टायर 700 ग्रॅमच्या आसपास असू शकतो. त्याच मापाचा उतारासाठीचा दुहेरी केसिंगचा टायर सव्वा किलोच्या पुढे जातो. मधे दोन-तीन पायऱ्या असतात. कंपन्यांनी या पायऱ्यांना आपापली नावं दिली आहेत. मॅक्सिसमध्ये एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन, डीएच असा चढता क्रम आहे. श्वाल्बेमध्ये सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. नावं पाठ करायची गरज नाही. डाव्या टोकाला हलकं आणि नाजूक, उजव्या टोकाला जड आणि दणकट, अशी पट्टी मनात ठेवली की झालं.

मग आपण या पट्टीवर कुठे उभं राहायचं? आपल्या सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा. तो फुटतो तेव्हा त्याच्या कडा धारदार निघतात. अशा दगडांमधून टायर जातो तेव्हा काटा वरून टोचावा तशी इजा होत नाही, टायरची बाजूच चिरते. दुसरा धोका म्हणजे दगडावर आपटल्यावर टायर रिमपर्यंत दबतो आणि मध्ये चिमटला जातो. ट्यूब असेल तर तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर टायरचं कापडच फाटतं, नाहीतर रिमला पोचा येतो.

आता क्रमाचं कारण इथे आहे, नीट पाहा. समजा वजनदार माणसानं खडकाळ वाटेसाठी पातळ केसिंगचा टायर घेतला. तो रिमवर आपटू नये म्हणून त्याला हवा जास्त भरावी लागते. हवा जास्त भरली की मघाचा तो पाच बाय पाचचा तुकडा लहान होतो, टायर खड्यांवर बसण्याऐवजी उड्या मारतो. मग त्यानं कितीही महागाचं मऊ रबर घेतलेलं असो, कितीही सुरेख नक्षी असो, ती जमिनीला नीट टेकतच नाही. केसिंग हवेचा दाब ठरवतं, आणि दाब बाकी सगळं ठरवतो. पाया चुकला की वरचं चांगलं कामही वाया जातं. म्हणून केसिंग आधी.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. 55 किलोची मुलगी, सपाट मुरमाच्या वाटा, कुठे उड्या नाहीत, आणि तिला सव्वा किलोचा टायर गळ्यात मारला, तर तो तिच्या वजनानं दबणारच नाही. ताठ टायर, वर चढताना ओझं. दणकट म्हणजे चांगलं असं नाही. अधिकारी कोण, हा प्रश्न पुन्हा येतो.

काट्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फार. बाभळीचा काटा आणि सराटे. देशावर पावसाळा संपला की पायवाटेच्या कडेनं सराटे वाळून पसरलेले असतात. त्यांच्यासाठी जाड केसिंग हा उपाय नाही, काटा त्यातूनही जातो. उपाय म्हणजे ट्यूबलेस आणि आत सीलंट. सीलंट हा पातळ द्रव असतो, बहुतेकांत लॅटेक्स असतं. भोक पडलं की हवेबरोबर तो बाहेर येतो आणि तिथेच गोठून भोक बुजवतो. लहान भोकांपुरतं हे चालतं, बाजूची चीर त्यानं बुजत नाही. आणि तो वाळतो. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. दर दोन-तीन महिन्यांनी आत किती शिल्लक आहे ते पाहावं. टायर घेताना तो ट्यूबलेससाठी बनवलेला आहे ना, एवढं वाचून घ्यावं. कडेला तार असलेले स्वस्त टायर, जे घडी होत नाहीत, ते पुष्कळदा ट्यूबलेससाठी नसतात.

दुसरी पायरी रबराची. रबर मुळात काळं नसतं. कोकणात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. तिथे झाडाचा चीक निघतो तो दुधासारखा पांढरा. टायर काळा होतो तो काजळीमुळे, म्हणजे कार्बन ब्लॅकमुळे. ती रंगासाठी घालत नाहीत, रबर झिजू नये म्हणून घालतात. अलीकडच्या दशकांत तिच्या जोडीला सिलिका आली. तिच्यामुळे ओल्यात पकड सुधारते आणि चाक फिरताना वाया जाणारी शक्ती कमी होते. प्रत्येक कंपनीची कृती वेगळी, आणि ती गुप्त. आपल्याला बाहेरून समजू शकतात अशा दोनच गोष्टी आहेत.

एक म्हणजे मऊपणा. तो ड्युरोमीटर नावाच्या उपकरणानं मोजतात, आकड्यापुढे 'ए' लिहितात. 40 ते 45 ए म्हणजे खूप मऊ, 50 च्या आसपास मध्यम, 60 च्या पुढे कडक. मऊ रबर खडकाच्या बारीक खरखरीत पृष्ठभागात शिरून बसतं, म्हणून धरतं. पण ते लवकर झिजतं, आणि पायडल मारताना जड वाटतं. खोडरबराचं उदाहरण घ्या. मऊ खोडरबर कागद चांगला धरतं, पण त्याचा भुगाही तितकाच पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उसळी. ही थोडी सूक्ष्म आहे. मुलांच्या खेळण्यातला रबरी चेंडू जमिनीवर टाकला तर टणकन वर येतो. स्क्वॉशचा चेंडू थंड असताना टाकला तर जवळजवळ तिथेच बसतो. दोन्ही रबरच. काही रबर दाबल्यावर दिलेली शक्ती लगेच परत देतं, काही ती गिळून टाकतं. मंद उसळीचं रबर दगडावर आपटलं की उडत नाही, चिकटून राहतं. म्हणून उतारावर ते हवंसं वाटतं. पण तीच गिळलेली शक्ती चढावर आपल्या पायातून गेलेली असते. ज्या गुणामुळे टायर उतारावर धरतो, त्याच गुणामुळे तो चढावर थकवतो. हे दोन वेगळे गुण नाहीत, एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत. त्यामुळे 'भरपूर पकड, शून्य विरोध, कधी न झिजणारा' अशी जाहिरात दिसली की आपण थोडं हसावं आणि पान उलटावं.

उत्पादक यातून वाट काढतात ती एकाच टायरमध्ये दोन-तीन प्रकारची रबरं वापरून. तळाला कडक, म्हणजे ठोकळे मुळातून हलत नाहीत. मध्यभागी मध्यम, कारण सरळ जाताना तोच भाग झिजतो. कडेला मऊ, कारण वळताना कडेवर भरवसा असतो. मॅक्सिसच्या 3सी मालिकेची रचना अशी आहे. श्वाल्बेनं आपल्या अ‍ॅडिक्स रबराच्या प्रकारांना रंगाच्या रेघा दिल्या आहेत: लाल वेगासाठी, निळी मधली, नारिंगी मऊ, जांभळी अतिमऊ. दुकानात रेघ पाहिली तरी कळतं.

इथे नाव आणि वस्तू यांतला एक घोटाळा सांगितला पाहिजे. टायरचं जे नाव आपण ऐकतो, उदाहरणार्थ मॅक्सिसचा 'मिनियन डीएचएफ', ते प्रत्यक्षात नक्षीचं नाव असतं. त्याच नावाखाली अनेक केसिंग आणि अनेक रबरं विकली जातात. एक्सो केसिंग आणि मॅक्सटेरा रबरातला, आणि डीएच केसिंग आणि मॅक्सग्रिप रबरातला, हे दोन्ही 'मिनियन डीएचएफ'च. पण हातात घेतले तर वजन वेगळं, चालवले तर स्वभाव वेगळा. नव्या सायकलीवर बसवून आलेल्या टायरवर नाव भारी असतं, पण रबर आणि केसिंग पुष्कळदा साधं असतं. मित्रानं 'अमुक टायर घे, मस्त आहे' असं सांगितलं तर नाव लिहून घेऊ नका. त्याला विचारा, कोणत्या केसिंगचा, कोणत्या रबराचा? उत्तर आलं नाही, तर सल्लाही अर्धाच आला आहे.

आता शेवटी नक्षी. तिला कमी लेखायचं नाही, तिची जागा तेवढी समजून घ्यायची आहे. टायर जमिनीला दोन प्रकारे धरतो. कातळावर तो रबराच्या चिकटण्यानं धरतो. मातीत तो ठोकळे रुतवून धरतो. म्हणून थोडक्यात असं म्हणू: खडकावर रबर धरतं, मातीत नक्षी धरते, आणि दोघांना धरू देतं ते केसिंग.

ठोकळे पाहताना तीन गोष्टी पाहाव्यात: उंची, अंतर आणि जागा. कडक, सुकलेल्या वाटेसाठी बुटके आणि जवळजवळ ठोकळे पुरतात, ते हलके फिरतात. सुट्या मुरमासाठी मध्यम उंची आणि मध्यम अंतर. चिखलासाठी उंच आणि विरळ, म्हणजे मधली माती फिरताना सुटून पडते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जो गेला आहे त्याला माहीत आहे: अंतर कमी असेल तर दोन मिनिटांत चाकाचा लाडू होतो, नक्षी दिसतच नाही. आणि खरं सांगायचं तर भर पावसातल्या काळ्या मातीपुढे कोणताच टायर पुरा पडत नाही.

जागा म्हणजे काय? मधले ठोकळे ढकलतात आणि थांबवतात, कडेचे वळवतात. मधल्या ठोकळ्यांची पुढची बाजू उतरती केलेली असेल तर चाक हलकं फिरतं, आणि मागची बाजू उभी असेल तर ब्रेक चांगला लागतो. म्हणूनच टायरवर बाण असतो, तो पाहून बसवावा. मधले आणि कडेचे ठोकळे यांच्यामध्ये मोकळी पट्टी असेल, तर सायकल नीट कलवल्याशिवाय कडेची पकड मिळत नाही. हात बसलेला माणूस ती कलवतो आणि त्याला ती पट्टी आवडते. नवखा माणूस अर्धवट कलवतो आणि नेमका त्या पट्टीवर सरकतो. त्याच्यासाठी मध्ये ठोकळे भरलेली गोलसर नक्षी बरी. ठोकळ्यांवर ज्या बारीक चिरा दिसतात त्यामुळे ठोकळा किंचित पसरतो आणि खडकावर मऊपणानं बसतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात एक फसगत होते. चिखल आहे म्हणून लोक उंच, विरळ ठोकळ्यांचा टायर घालतात, आणि वाटेत ओला कातळ लागतो. कातळावर उंच ठोकळे रुतत नाहीत, ते वाकतात, आणि टेकणारं रबरही कमी असतं. तिथे मध्यम नक्षी आणि मऊ रबर जास्त कामाचं. आणि कातळावर हिरवं शेवाळ असेल तर उतरून चालावं. त्यावर टायर हा उपायच नाही.

आता पुढचं चाक आणि मागचं चाक. दोन्हीकडे एकसारखा टायर हवा हा नुसता सवयीचा आग्रह आहे. मागचं चाक सरकलं तर सायकल थोडी तिरकी होते, बहुतेक वेळा सावरता येते. पुढचं सरकलं तर सावरायला वेळच नसतो. म्हणून पुढे पकड जास्त: मऊ रबर, ठळक नक्षी. मागे भार जास्त येतो, दगडही तोच जास्त खातो, आणि पायडलचा जोर लागून तोच लवकर झिजतो. म्हणून मागे दणकट केसिंग, जरा कडक रबर, जरा हलकी नक्षी. पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील तर तो पुढे घाला. आणि मागचा टायर गोटा झाला की नवा टायर पुढे बसवा, पुढचा जुना मागे न्या. गोटा टायर पुढे कधीच ठेवू नका.

संबंधाचा प्रश्न राहिला. टायरवर 61-622 असा आकडा असतो. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमचा व्यास. 622 म्हणजे 29 इंची चाक, 584 म्हणजे साडेसत्तावीस, 559 म्हणजे जुनं 26. व्यास जुळलाच पाहिजे. रुंदीत सवड असते, पण अरुंद रिमवर रुंद टायर घातला तर तो विजेच्या दिव्यासारखा गोल फुगतो आणि वळणात डुलतो. आतून 30 मिलिमीटर रुंद रिमवर 2.4 इंचाचा टायर चांगला बसतो. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते का, तेही पाहावं, नाहीतर चिखल तिथे अडकतो.

आणि हवा. टायरच्या बाजूवर जो सर्वांत मोठा दाब छापलेला असतो ती मर्यादा असते, शिफारस नसते. पेट्रोल पंपावर जाऊन 50 पीएसआय भरून येणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. 70 किलोच्या माणसानं 2.4 इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 20 ते 23 आणि मागे 23 ते 27, इथून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर काही पीएसआय जास्त. मग ओळखीच्या वाटेवर एक-एक पीएसआय बदलून पाहावं. रिमवर ठोके बसत असतील तर वाढवा. चाक दगडांवर टणटण उडत असेल तर कमी करा. दाब मोजायचं छोटं साधन टायरच्या मानानं फार स्वस्त असतं, आणि त्याच्याइतकी पकड वाढवणारी दुसरी वस्तू नाही.

आता तीन उदाहरणांवर हे लावून पाहू. एक विद्यार्थी, 60 किलो, घरापासून 15 किलोमीटर डांबरी रस्ता, मग टेकडीवरच्या मुरमाच्या वाटा. त्याला हलकं केसिंग, मध्यम रबर, बुटकी जवळची नक्षी, आणि सराट्यांसाठी सीलंट. अतिमऊ रबर घेतलं तर तो ते डांबरावरच घासून संपवेल. दुसरे गृहस्थ, 90 किलो, गाडीवर सायकल बांधून घाटाच्या तोंडाशी जातात, खडकाळ उतार हेच त्यांचं प्रयोजन. त्यांना मागे दुहेरी किंवा त्याच्या जवळपासचं केसिंग, पुढे मऊ रबर आणि ठळक कडेचे ठोकळे. वजन वाढेल, पण ते त्यांच्या कामाचं वजन आहे. तिसरी बाई, रत्नागिरीकडच्या, जांभ्याच्या सड्यावर आणि तांबड्या मातीत वर्षभर चालवतात. त्यांना मधलं केसिंग, पुढे मऊ आणि मागे मध्यम रबर, मध्यम उंचीची नक्षी. तिघांनी एकमेकांचा टायर घेतला तर तिघेही म्हणतील, टायर वाईट आहे. टायर तेच.

एक शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत्तापर्यंत आपण चालवणाऱ्याच्या बाजूनं बोललो. वाटेची बाजूही आहे. मागचं चाक घासत नेलं की पायवाटेवर चर पडतो. पहिल्या पावसात पाणी त्याच चरातून धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. त्या वाटेवरून शाळेत जाणारी मुलं असतात, गुरं असतात, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया असतात. सायकल ही त्या वाटेवरची नवी पाहुणी. कोकणातल्या काही सड्यांवर तर कातळात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत, तिथून टायर न्यायचाच नाही. पकड असलेला टायर, बरोबर हवा आणि वेळेवर ब्रेक, एवढं असलं की चाक घासत नाही, फिरतं. आपण पडत नाही आणि वाटही टिकते. म्हणून प्रयोजन लिहिताना त्यात वाटही धरावी, असं आम्ही सुचवू.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारलं, सगळ्यात चांगला टायर कोणता, तर उत्तर देण्याआधी आपण त्याला चार गोष्टी विचारू: तू कोण, कुठे जातोस, सायकल कोणती, आणि हवं काय? उत्तरं ऐकता ऐकता तो निम्मं स्वतःच ठरवेल. उरलेलं केसिंग, रबर आणि नक्षी या क्रमानं ठरेल.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील ते नेहमीप्रमाणे लिहून पाठवा.